देव कुठे होता?



आज आम्ही एका अवघड गोष्टीवर बोलणार आहोत. देव मायाळू आहे असे आपण म्हणतो. मग माणसाच्या वाट्याला एवढे दुःख का येते? हा प्रश्न आम्ही पुस्तकातून आणलेला नाही. आपल्या आंबिवलीच्या साक्षरता वर्गात एका बाईंनी तो आम्हांला विचारला.

आपल्या गावाजवळून उल्हास आणि काळू या दोन नद्या वाहतात. २६ जुलै २००५ चा पाऊस तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मुंबईत सांताक्रूझला एका दिवस-रात्रीत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे उघड्यावर सरळ पिंप ठेवले असते, तर त्यात दोन हात उंच पाणी साठले असते. आपल्या उल्हासलाही महापूर आला. बदलापूर-कल्याणकडे घराघरांत पाणी शिरले. त्या पुरात या बाईंचा मुलगा गेला.

पुढे काही वर्षांनी त्या वर्गाला येऊ लागल्या. एके दिवशी आम्ही फळ्यावर ‘देव’ हा शब्द लिहिला. द वर मात्रा दे, आणि व. बाईंनी तो वहीत काढला. मग पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, “गुरुजी, देव मायेचा हाय म्हनता. मग माजा पोर बुडत व्हता, तवा तो कुठं व्हता?”

आम्ही पडलो मास्तर. प्रश्न आला की उत्तर द्यायचे, ही आमची सवय. आम्ही चटकन म्हणालो, “बाई, मागच्या जन्मीचे भोग असतात. देवाची इच्छा!”

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून त्यांची जागा रिकामी राहिली.

मंडळी, त्या रिकाम्या जागेने आम्हांला झोप लागू दिली नाही. आम्ही त्यांना काय सांगितले होते? मुलगा गेला तो तुमच्या नाहीतर त्याच्याच पापाने गेला, हेच ना? आधीच एवढा मोठा घाव. त्यावर आम्ही मीठ चोळले. आणि वर देवाचे नाव घेतले!

मग आम्ही विचार करू लागलो. पहिल्यांदा आठवला तो देवीचा रोग. अंगभर फोड येत. माणसे मरत. जी वाचत, त्यांतली काही आंधळी होत. तोंडावर वण राहत ते जन्मभर. आपल्या लोकांनी त्या रोगाचे नावच ‘देवी’ ठेवले. घरात देवी आल्या, आईचा कोप झाला, असे म्हणत. कोपच म्हटल्यावर माणूस हात जोडून बसणार. दुसरे काय करणार?

पण १७९६ साली इंग्लंडात जेन्नर नावाच्या डॉक्टरने लस टोचून पाहिली. १८०२ साली ती मुंबईत पोचली. पुढे लस टोचणारे लोक वाडीवाडीला, घरोघर फिरले. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा एकही रोगी सापडला नाही. १९८० साली सगळ्या जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. तो देवाचा कोप असता, तर सुईने गेला असता काय? इतकी वर्षे आपण रोगाचा दोष देवाच्या माथी मारीत होतो. आणि रोग्याच्या माथी पाप.

पुराचेही थोडे तसेच आहे. पाऊस आपल्या हाती नाही. पण नाला बुजवायचा की मोकळा ठेवायचा, हे आपल्या हाती आहे. पाणी चढू लागले की शेजाऱ्याला हाक मारायची की नाही, हेही आपल्याच हाती आहे. म्हणून दुःख आले की आधी पाहावे, यात माणसाचे काही चुकले काय? ते सुधारता येईल काय? तिथे देवाची इच्छा म्हणून गप्प बसणे हा आळस आहे. ती भक्ती नव्हे.

हे सारे खरे. पण आईला त्याचे काय? तिचे लेकरू तर परत येत नाही.

तेव्हा आम्हांला तुकाराम महाराज आठवले. देहूचे तुकोबा दुकानदार होते. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. पावसाने दगा दिला. धान्य मिळेना. त्यांची पहिली बायको रखमाबाई अन्न अन्न करीत गेली. संतू नावाचा लहान मुलगा गेला. धंदा बुडाला, दिवाळे निघाले. एवढ्या थोर भक्तावर ही वेळ आली! आता सांगा, तुकोबांनी कोणते पाप केले होते? दुःख हा पापाचा पुरावा असेल, तर मग आपले सारे संतच पापी ठरतील.

तुकोबांनी हे मुकाट्याने गिळले नाही. ते विठोबाशी भांडले. त्याला नाही नाही ते बोलले. त्यांच्या अभंगांत ही भांडणे आहेत, आणि तेच अभंग आपण आज देवळात उभे राहून गातो. म्हणजे देवाला जाब विचारणे हे पाप नव्हे. माणूस आपल्याच माणसाशी भांडतो, परक्याशी नाही.

आणखी एक गोष्ट सांगतात. लोकांकडून येणे असलेल्या पैशांची कागदपत्रे घरात होती. त्यांतला भावाचा वाटा तुकोबांनी भावाला दिला. आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले. दुष्काळाने पिचलेल्या कुळांच्या डोक्यावरचे ओझे उतरले. माझ्यावर ही वेळ का आली, याचे उत्तर तुकोबांना मिळाले की नाही, कोण सांगणार? पण दुसऱ्याचे दुःख हलके कसे करावे, हे त्यांना कळले.

शेवटी आम्ही बाईंच्या घरी गेलो. म्हणालो, “बाई, आम्ही चुकलो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येत नाही.”

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “देव कुठं व्हता ते मलाबी ठावं नाय, गुरुजी. पन त्या राती शेजारीन माज्याजवळ व्हती. मला धरून बसली. माजी चूल पेटली नाय, तर तिच्या घरची भाकरी आली. तिच्याबी घरात चिखल व्हता.”

त्या पुन्हा वर्गाला आल्या. सगळ्यांत आधी त्यांनी मुलाचे नाव लिहायला शिकून घेतले.

आमची श्रद्धा अशी आहे की त्या रात्री शेजारणीला जी माया आली, ती देवाचीच. पण हे आम्ही आमच्यापुरते म्हणतो. ज्या घरात दुःख झाले आहे, तिथे जाऊन ते सांगत बसणार नाही. ते त्या माणसाला आपले आपण वाटले, तर वाटू द्यावे.

म्हणून मंडळी, एवढे लक्षात ठेवा. दुःखाच्या घरी गेलात, तर भोग म्हणू नका, पाप म्हणू नका. का झाले हे समजावू नका. जवळ बसा. ते रडले तर रडू द्या, देवाला बोलले तर बोलू द्या. पिठले-भाकरी घेऊन जा. आणि तेराव्यानंतर सगळे पाहुणे निघून जातात ना, त्यानंतरही एकदा जा.

एवढे बोलून आम्ही थांबतो. राम राम.