ईमॅक्सच्या टेस्ट कशात लिहायच्या?

रेडिओ केंद्राने मला विषय दिलाय तो असा, की ज्या टेक्स्ट एडिटरमध्ये आपल्याला हवी तशी भर घालता येते, त्या भरीच्या युनिट टेस्ट लिहायला फ्रेमवर्क कोणतं घ्यावं. मी आपला ईमॅक्सवाला माणूस, तेव्हा ईमॅक्सचंच बोलणार.

ईमॅक्सचं मूळ 1976 मधलं, एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतलं. आज आपण वापरतो तो जीएनयू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 मध्ये बाहेर आणला. गाभा सी भाषेतला, पण वरचा बहुतेक सगळा डोलारा लिस्पमध्ये. आणि हे लिस्प चालू एडिटरमध्येच बदलता येतं. कुठली कळ दाबली की काय व्हावं, ओळ कुठे मोडावी, शोध कसा घ्यावा, सगळं तुमच्या हातात. गंमत आहे, आणि टेस्ट लिहिणाऱ्याची डोकेदुखीही तिथेच आहे. कारण ईमॅक्समधून टेस्ट चालवली, की ती त्याच एडिटरमध्ये चालते ज्यात तुमचं एखादं पत्र अर्धवट लिहून पडलेलं असतं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटण्यासारखं आहे हे. पोळ्या होतीलच, पण डबे जागच्या जागी ठेवून, ओटा पुसून निघालं पाहिजे.

तर फ्रेमवर्क. मुख्य नावं दोन. एक ईआरटी, ख्रिश्चन ओलर यांनी लिहिलेलं. 2012 साली ईमॅक्सची 24.1 ही आवृत्ती आली, तेव्हापासून ते ईमॅक्सच्या पोटातच मिळतं, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. दुसरं बटरकप, यॉर्गन शेफर यांचं. जावास्क्रिप्टच्या जगातल्या जॅस्मिनच्या धर्तीवरचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ईआरटी घ्या. आता का, ते सांगतो.

टेस्ट पास झाली की सगळी फ्रेमवर्क सारखीच. एक ठिपका उमटतो, झालं. फ्रेमवर्कची पारख होते टेस्ट नापास झाल्यावर. पुन्हा सांगतो, नापास झाल्यावर. तेव्हा ते आपल्याशी किती बोलतं ते बघायचं.

एक उदाहरण घेऊ, आपल्या मराठीचंच. समजा तुम्ही मराठी टिपणांमधून शब्द शोधून देणारं छोटंसं पॅकेज लिहिलंय. टेस्टमध्ये म्हटलंय, की 'तऱ्हा' हा शब्द शोधला की 'तऱ्हा'च हाती यावा. टेस्ट नापास. पडद्यावर बघता तर दोन्हीकडे तऱ्हा. डोळे फाडून बघा, फरक नाही! इथे माणूस वैतागतो आणि एडिटरला शिव्या देतो.

ईआरटीत 'शुड' म्हणून एक शब्द आहे. त्याच्या पुढे तुम्ही लिहायचं, की हे आणि ते समान असायला हवं. नसलं, तर ते नुसतं 'नाही' म्हणून गप्प बसत नाही. काय विचारलं होतं, प्रत्यक्ष किमती काय आल्या, हे मांडतं. आमच्या तऱ्हेच्या बाबतीत ते सांगेल, की एका शब्दाची लांबी 5 आहे, दुसऱ्याची 6, आणि पहिला फरक 1 क्रमांकाच्या जागी आहे. मोजणी शून्यापासून, म्हणजे 'त' सोडून लगेच पुढे. आता उलगडा झाला. मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, त्यासाठी राखून ठेवलेला ऱ घेऊन त्याला हलन्त द्यायचा. दोन, साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही एकच, पण यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. वाऱ्यावर, दऱ्याखोऱ्या, पुऱ्या, सगळीकडे हीच कथा. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या कुठल्याही पॅकेजमध्ये ही टेस्ट असलीच पाहिजे असं माझं म्हणणं आहे आणि ते मी दिसेल त्याला सांगत असतो.

शिवाय ईआरटीच्या निकालाच्या खिडकीत नापास टेस्टवर उभं राहून 'बी' दाबलं, की कुठून कुठे जात गाडी अडली ते दिसतं. 'एल' दाबलं, की त्या टेस्टमधल्या शुडची यादी. टिंब दाबलं, की थेट टेस्टच्या मजकुरावर. एडिटर सोडून कुठे जावं लागत नाही.

आता थोडं रागावतो. तरुण मुलं दोन-दोन आठवडे हे चांगलं की ते चांगलं करत बसतात आणि टेस्ट एकही लिहीत नाहीत. अरे, आधी एक तरी लिहा! आणि दुसरं, टेस्ट फक्त आपल्या सजवलेल्या ईमॅक्समध्ये चालवतात. ईमॅक्समध्ये ओळीची रुंदी मुळात 70 असते. तुम्ही ती घरी 80 करून ठेवलेली. परिच्छेद जुळवायची टेस्ट तुमच्याकडे पास, दुसरीकडे नापास. मग म्हणतात, फ्रेमवर्क वाईट. फ्रेमवर्कने काय केलं? ईमॅक्स कोरा सुरू करा, कॅपिटल क्यू लावून, आणि त्यात चालवा. मजकूर तात्पुरत्या बफरमध्ये घ्या, तो काम झालं की आपोआप जातो. रुंदी वगैरे टेस्टपुरतीच बदला. ओटा पुसणं म्हणतो ते हेच.

काही जण म्हणतात, ईआरटीत टेस्टच्या आधी आणि नंतर करायच्या कामांसाठी खास सोय नाही. नाही, खरं आहे. पण लिस्प आहे ना. एक साधं फंक्शन लिहा, ते मांडामांड करेल, टेस्ट चालवेल आणि मध्ये काही फुटलं तरी आवरून ठेवेल.

काचेपलीकडून दोन बोटं दाखवतायत, तेव्हा बटरकपचं घाईत उरकतो, अन्याय होतोय खरा. टेस्ट गटागटाने, एकात एक मांडता येतात, प्रत्येक टेस्टआधी काय करायचं ते सांगता येतं, आणि एखाद्या फंक्शनच्या जागी तोतया उभा करून त्याला कोणी, काय देऊन बोलावलं हे बघता येतं. प्रोजेक्टाइल आणि सायडर या नावाजलेल्या पॅकेजच्या टेस्ट बटरकपमध्ये आहेत. ईमॅक्सच्या स्वतःच्या आणि ऑर्ग मोडच्या ईआरटीत. तुमचं पॅकेज नेटवर्कशी किंवा बाहेरच्या प्रोग्रॅमशी फार बोलत असेल, तर बटरकप घ्या, माझी हरकत नाही. दोन्ही पडद्याशिवाय, बॅच पद्धतीने चालतात आणि टेस्ट पडली तर तसा कोड देऊन बाहेर पडतात, म्हणजे सर्व्हरवरही लावता येतात.

विम आणि व्हीएस कोडबद्दलही बोलायचं होतं, ते राहिलंच.