टेलच्या शेतापर्यंत पाणी, टेलच्या माणसापर्यंत अधिकार

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, पाणी वापर संस्थांचे आणि ग्रामसभांचे प्रतिनिधी, अभ्यासक, अभियंते, पत्रकार मित्र आणि भगिनी-बंधूंनो,

नैसर्गिक संसाधनांच्या लोकव्यवस्थापनाचा विचार करण्यासाठी आपण महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून नाशिकला आलात. स्वागत समितीच्या आणि समस्त नाशिककरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदावरीचे हे गाव. रामकुंड, पंचवटी, दादासाहेब फाळके, कुसुमाग्रज ही नाशिकची ओळख आपणा सर्वांना आहे. आजच्या विषयाशी नाते सांगणारी आणखी एक ओळख मला आवर्जून सांगायची आहे. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सार्वजनिक पाण्यावर प्रत्येक माणसाचा हक्क असल्याचे कृतीने ठणकावून सांगितले. १९३० मध्ये तोच लढा काळाराम मंदिराच्या दाराशी उभा राहिला. त्याची धुरा वाहणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. पुढे १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून सत्याग्रह उभारला. ‘लोकसहभाग’ हा शब्द सरकारी कागदांत येण्याच्या कितीतरी आधी या जिल्ह्याने एक प्रश्न विचारला होता: गावाचे पाणी, गावाची जमीन, गावाचे रान यांत ‘गाव’ म्हणजे नेमके कोण? पुढच्या चर्चेत हा प्रश्न आपण नजरेआड होऊ देऊ नये, अशी माझी सुरुवातीलाच विनंती आहे.

आपली परंपराही मोठी आहे. बागलाणच्या मोसम आणि आरम नद्यांवर आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या पांझरेवर शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. उसाचा फड दरवर्षी बदलायचा. पाणी कमी पडले तर भिजणारे क्षेत्र सर्वांनी मिळून आखडते घ्यायचे. पाटकऱ्याने पाणी द्यायचे, जागल्याने पिके राखायची आणि त्यांची बिदागी लाभधारकांनी द्यायची. पाटातला गाळ काढायला घरटी माणूस यायचा. नियम गावाने केले, म्हणून ते पाळण्याची जबाबदारीही गावानेच घेतली. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवून दिले, की सामायिक संपत्ती वापरणाऱ्यांनीच तिचे नियम ठरवले, तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. आमच्या मोसम खोऱ्यातल्या शेतकऱ्याला हे अनुभवाने माहीत होते.

मोठी धरणे आली आणि चित्र पालटले. पाणी सरकारचे, कालवा सरकारचा, शेतकरी म्हणजे अर्ज भरून आवर्तनाची वाट पाहणारा लाभधारक. कालव्याच्या तोंडाचे, म्हणजे हेडचे शिवार तुडुंब आणि शेवटचे, म्हणजे टेलचे कोरडे, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी कालव्यांचे चित्र झाले. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवरच्या वाघाड धरणाची कथाही वेगळी नव्हती. ओझरचे शेतकरी कालव्याच्या टेलला. कागदोपत्री ते लाभक्षेत्रात होते, शेतात पाणी नव्हते.

इथे बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र आणले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओझरला महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे वाघाडच्या संपूर्ण लाभक्षेत्रात अशा चोवीस संस्था झाल्या आणि २००३ मध्ये त्यांची प्रकल्पस्तरीय संस्था स्थापन झाली.

या कामाचे मर्म समजून घ्यायचे असेल, तर चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे फुटणाऱ्या पाटाच्या, तोंडाशी जाऊन उभे राहावे. तिथे पाणी मोजण्याचे साधन बसवलेले असते. त्याच्या भिंतीवरच्या पट्टीवर पाण्याची उंची वाचायची, तक्त्यात विसर्ग पाहायचा, वेळेने गुणायचे आणि वहीत नोंद करायची. किती घनमीटर पाणी आले, हे शेतकऱ्याला त्याच्याच वहीत दिसते. पूर्वी पाणीपट्टी एकरावर आणि पिकावर आकारली जायची, आता संस्था पाणी मोजून घेते आणि मोजून वाटते. पीक कोणते घ्यायचे, हे शेतकरी ठरवतो. पाणी वाचवले तर ते त्याचेच राहते. वाटपाची सुरुवात टेलपासून करण्याचा शिरस्ता इथे पडला. ओझरच्या संस्थांनी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत कालव्याचे पाणी सोडले, विहिरींना पाझर फुटला, आणि कालवा बंद असतानाही पिके तगू लागली. आज या भागातल्या द्राक्षबागांमागे शेतकऱ्याचे कष्ट आहेत, तसाच वेळेवर आणि खात्रीने मिळणाऱ्या पाण्याचा आधारही आहे.

अशा प्रयोगांनंतर २००५ चा ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम’ आला. संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना प्रतिनिधित्व आणि महिलांना राखीव जागा ही त्यातली तरतूद महत्त्वाची आहे.

मित्रहो, यातून मी एकच निष्कर्ष काढतो. अधिकाराशिवायचा लोकसहभाग म्हणजे फुकटची मजुरी. श्रमदानाला लोकांना बोलवायचे, उद्घाटनाला बसवायचे आणि निर्णय मात्र परस्पर घ्यायचे, याला सहभाग म्हणता येत नाही. मोजमाप, हिशोब आणि निर्णय या तिन्ही गोष्टी लोकांच्या हाती आल्या, तरच सहभाग खरा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने हेच जंगलाच्या बाबतीत सिद्ध केले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा पास लागतो, आणि तो देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती २०११ मध्ये आला. तेव्हा कुठे हक्काला अर्थ आला. मार्च २०१८ मध्ये याच नाशिकहून आदिवासी शेतकरी मुंबईपर्यंत पायी चालत गेले. वनजमिनीचे दावे हा त्यांच्या मागण्यांचा गाभा होता. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या वाड्या-पाड्यांपर्यंत जंगलावरचा हा अधिकार पूर्णपणे पोचवणे हे आपले काम आहे.

आणखी दोन कामे बाकी आहेत. पहिले सभासदत्वाचे. पाणी वापर संस्थेचे सभासदत्व जमिनीवर ठरते. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याचा पाण्याच्या निर्णयात आवाज नाही. यात शेतमजूर येतो, आणि आयुष्यभर शेतात राबणारी, घराचे पाणी भरणारी बहुतेक घरांतली बाईही येते. नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर पाण्याचा वाटा ठरवला, भूमिहीनांनाही त्यात वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. पन्नास वर्षांपूर्वीचा तो विचार आज पुन्हा पटलावर घ्यायला हवा.

दुसरे काम आम्हा नाशिककरांना जड जाणारे आहे. गोदावरीच्या खोऱ्यात आम्ही हेडला आहोत आणि मराठवाडा टेलला. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली, की वादाला तोंड फुटते. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानंतरही तो शमलेला नाही. ओझरचे शेतकरी टेलचा हक्क मागत होते, तेव्हा आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहिलो. तोच न्याय खोऱ्याच्या पातळीवर लागू करताना आम्ही हात आखडता घेऊ नये. मराठवाड्यातून आलेल्या प्रतिनिधींचे म्हणूनच आज विशेष स्वागत. या सभागृहात आपले म्हणणे मोकळेपणाने मांडा, आम्ही ते ऐकायला बसलो आहोत.

या परिषदेकडून माझी माफक पण ठाम अपेक्षा आहे. ठराव थोडे व्हावेत, पण प्रत्येक ठरावात ‘कोण करणार’ आणि ‘कधीपर्यंत’ हे लिहिलेले असावे. शासनाने संस्थांना वेळेवर, मोजून पाणी द्यावे आणि कालव्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी टाळू नये. संस्थांनी आपल्या वह्या गावासमोर उघड्या ठेवाव्यात. तरुणांनी पदे घेण्याआधी एक आवर्तन चारीवर उभे राहून सांभाळावे.

परिषदेसाठी झटणाऱ्या सर्व कार्यकर्त्यांचे, देणगीदारांचे आणि आमच्या विनंतीला मान देऊन आलेल्या पाहुण्यांचे मी आभार मानतो. पाहुणचारात काही उणे राहिले, तर आपले समजून सांभाळून घ्यावे. पाणी, जंगल आणि जमीन राखण्याची ताकद लोकांत आहे, हे या उदाहरणांनी दाखवून दिले आहे. आता त्या लोकांत शेवटच्या माणसाचीही गणती होईल, असे निर्णय इथून घेऊन जा, एवढेच आवाहन करतो आणि आपले पुन्हा एकदा हार्दिक स्वागत करून थांबतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!