पंपरूममधलं शेंगदाण्याचं पोतं
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणावरून)



जुन्या मंडळींना आठवत असेल, पहिल्याच पावसाळ्यात आपण सगळ्यांत मिळून शेंगदाण्याचं पोतं आणलं आणि पंपरूममध्ये ठेवलं. वाटायला काढलं तर दाण्यांवर हिरवट बुरशी! मी रसायनशास्त्राचा मास्तर. ऐटीत म्हणालो, "निवडा, खरपूस भाजा, काही होत नाही." तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "असला दाणा मी नातवाच्या ताटात वाढणार नाही." पोतं फेकलं गेलं. वर्गणी बुडाली म्हणून मी चार दिवस धुसफुसत होतो. आज जाहीर सांगतो, चूक माझी होती.

त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, त्यानंतर त्याचा शोध लागला. भाजल्यानं बुरशी मरते. विष थोडं कमी होतं, पण संपत नाही.

आता खरी गोष्ट ऐका. हे विष जसंच्या तसं डीएनएला चिकटत नाही. परकी रसायनं शरीराबाहेर टाकता यावीत म्हणून आपलं यकृत त्यांचं रूप बदलतं. सायटोक्रोम पी-४५० ही विकरं त्यांच्यावर ऑक्सिजनचा अणू बसवतात. याच पायरीवर अफ्लाटॉक्सिनचं इपॉक्साइड बनतं, आणि ते मात्र डीएनएला चिकटतं. म्हणजे साफसफाई करता करता यकृतच विषाला धार लावतं! यकृतातलं ग्लुटाथायोन लगेच धावून येतं, इपॉक्साइडला पकडून निकामी करतं. पण जे निसटतं, त्यातून डीएनएत कायमचा बिघाड झाला, तर पुढे कर्करोग होऊ शकतो. हिपॅटायटिस बी असलेल्यांना हा धोका कित्येक पटींनी जास्त.

तेव्हा एवढंच करा. दाणे कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बुरकट, काळपट, सुरकुतलेले दाणे टाकून द्या. कडू लागला तर थुंका, गिळू नका. बाळांना हिपॅटायटिस बीची लस वेळेवर द्या.

काकू आज नाहीत. त्यांचा तो नातू स्वतःच्या लेकीला मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसलाय. बाळा, त्या पोत्याची वर्गणी वसूल झाली रे.