स्वच्छ दिसणारं पाणी सुरक्षित असतंच असं नाही



गडचांदूर म्हटलं की लोकांना सिमेंटचे कारखाने आठवतात. हे कारखाने आले ते इथल्या चुनखडीमुळे. पण चुनखडीत भेगा असतात. पावसाळ्यात उकिरड्याचं, शौचखड्ड्याचं पाणी या भेगांतून न गाळता थेट विहिरीत उतरू शकतं. त्यातून गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइड पसरतो. हा पहिला धोका.

दुसरा धोका दिसत नाही, चवीलाही कळत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात खडकातून उतरलेलं फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं, तर मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे सांधे आखडतात, कंबर वाकते. वाकलेली हाडं पूर्ववत करणारं औषध नाही.

मी हे दोन धोके वेगळे सांगतो, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. टीसीएल पावडर जंतू मारते, फ्लोराइड काढत नाही. पाणी उकळलं तरी फ्लोराइड तसंच राहतं. पाणी आटलं तर त्याचं प्रमाण उलट वाढतं. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी आणि चुना वापरून ‘नलगोंडा पद्धत’ तयार केली. पण त्यात मात्रा मोजूनच टाकावी लागते. म्हणून पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी सुरक्षित स्रोत मिळत असेल, तर तोच वापरावा.

मग आपण काय करायचं? ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन तीन प्रश्न विचारा. आमच्या विहिरीचा, हातपंपाचा रासायनिक आणि जैविक तपासणी अहवाल कुठे आहे? टीसीएल पावडर ताजी आहे का? उघडी पडलेली पावडर निकामी होते. आणि शेवटच्या घराच्या नळावर ओटी चाचणी होते का? थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं नाही, तर तिथवर क्लोरीन पोहोचलेलं नाही. दूषित हातपंपावरचा लाल रंग उडाला असेल, तर तो पुन्हा मारून घ्या.

हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिनेतली रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. आपल्याला विहीर विकत घ्यायची नाही. आहे त्या विहिरीचा अहवाल मागायचा आहे. आपल्या मोहल्ल्यासाठी आणि शेजारच्या टोल्यासाठीही. येत्या ग्रामसभेला दोघे-तिघे मिळून जा. पाणी सगळ्यांचं एकच आहे.