सागवानी छताला काय लावायचं?



सभागृहाच्या सागवानी छतावरून मागच्या सभेत बरीच गरमागरमी झाली. कुणाला चकचकीत पीयू हवं, कुणाला मेलामाईन. मी बँकेत जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज तपासले, आज माझाच मांडतो : जवसाचं तेल!

छताला ना हात लागतो, ना पाय. मग जाड थर कशाला? आपल्या यवतमाळात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, पावसाळ्यात हवा दमट. लाकूड आकसतं, फुगतं. त्यात सागाच्या अंगातच तेल, त्यावर व्हार्निश नीट धरत नाही. माझ्या घरी मी हौसेनं मारलं होतं. चार उन्हाळ्यांत पापुद्रे सुटले. मान वर करून ते घासताना मिस्त्री आणि मी, दोघंही रडकुंडीला आलो. तेल उतरलं तर पुसायचं, पुन्हा लावायचं, बस्स. चकाकी येत नाही आणि लाकूड थोडं गडद दिसतं, हे कबूल.

मात्र दुकानातून 'डबल बॉईल्ड'च आणा. चटणीच्या जवसाचं कच्चं तेल लवकर वाळत नाही. पातळ हात द्या, जास्तीचं पुसून काढा.

आणि एक. तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकू नका. वाळताना हे तेल तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवायच्या. ते काम माझ्याकडे द्या, मी बादली घेऊन बसतो.