सर्रा रोग आणि जनावराचे रक्त



पावसाळ्याच्या सुमारास बैलाला किंवा म्हशीला ताप येतो, काही दिवसांत उतरतो आणि जनावर पुन्हा वैरण खाऊ लागते. दुखणे गेले असे समजून घरधनी निश्चिंत होतो. सर्रा रोगात हीच समजूत घातक ठरते. ताप उतरला, तरी रोग रक्तात ठाण मांडून असतो.

ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा एकपेशीय परोपजीवी या रोगाचे मूळ होय. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माइल खान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात तो शोधून काढला. टॅबॅनस जातीच्या मोठ्या चावऱ्या माश्या एका जनावराचे रक्त पिता पिता उठून दुसऱ्यावर बसतात आणि सोंडेला लागलेल्या रक्तावाटे रोग पसरवतात.

रक्तात या परोपजीवीमुळे तीन प्रमुख बदल घडतात. पहिला ग्लुकोजचा. परोपजीवीजवळ स्वतःचा अन्नसाठा नसतो. जनावराच्या रक्तातील साखरेवर तो जगतो. निरोगी गाईच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ४५ ते ७५ मिलिग्रॅम ग्लुकोज असते. परोपजीवींची संख्या फार वाढली की ते घटते व जनावर गळून जाते. दुसरा बदल तांबड्या पेशींचा. इजा झालेल्या पेशी प्लीहा व यकृत यांतील भक्षक पेशी गिळून टाकतात. त्यामुळे रक्तक्षय होतो आणि पापणी आतून फिकट दिसते. तिसरा प्रथिनांचा. प्रतिकारासाठी शरीर प्रतिपिंडे निर्माण करते, तेव्हा ग्लोब्युलिन वाढते व अल्ब्युमिन घटते. परंतु परोपजीवी आपले बाह्य आवरण वारंवार बदलतो. जुनी प्रतिपिंडे निरुपयोगी ठरतात आणि ताप पुन्हा चढतो.

उपचाराविना घोडा बहुधा दगावतो. गाई-म्हशी मात्र वरून धडधाकट दिसूनही रोग बाळगतात व इतर जनावरांना धोका निर्माण करतात. कधी जनावर गोल गोल फिरते. ती बाहेरची बाधा नव्हे. ग्लुकोजची बाटली लावल्याने तात्पुरती हुशारी येईल, रोग हटणार नाही.

म्हणून ताप चढलेला असतानाच कानाच्या शिरेतील रक्त पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावे. एका तपासणीत परोपजीवी न दिसल्यास पुढच्या तापात पुन्हा तपासावे. क्विनापायरामिनसारखे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने, जनावराच्या वजनानुसार पूर्ण मात्रेत द्यावे. अपुऱ्या मात्रेमुळे परोपजीवी औषधाला दाद देईनासा होतो. एकच सुई अनेक जनावरांना वापरू नये. गोठ्याभोवती चिखल व पाणी साचू देऊ नये.

ताप उतरल्याने रोग गेला असे ठरत नाही. तो निर्णय रक्ततपासणीवरच सोपवावा.