चाकातील हवा आणि कामगाराचा हात



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण यांवर विद्वानांची भाषणे ऐकता. मी शाळा लवकर सुटलेला, कामगार संघटनेत वाढलेला माणूस. मी बोलणार आहे तो ट्रक, डंपर आणि ट्रॅक्टर यांच्या मोठ्या चाकाविषयी. विषय ऐकून कोणाला हसू येईल. परंतु या चाकावर ज्याची भाकरी अवलंबून आहे आणि त्यापायी ज्याचा जीवही जाऊ शकतो, तो माणूस आपल्याच रस्त्यावर बसलेला आहे.

हवेचा टायर फार पुरातन नव्हे. 1888 साली बेलफास्ट येथील जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तो तयार केला. आज आपल्या वाळूजमध्ये गुडइयर मोटारींचे टायर बनविते आणि बाळकृष्ण इंडस्ट्रीज शेतीच्या व खाणीच्या यंत्रांचे. कारखान्याच्या फाटकाच्या आत यंत्राला जाळी असते, धोक्याचा गजर असतो, सुरक्षा अधिकारी असतो. तोच टायर फाटकाबाहेर नगर रस्त्यावर आला की लिंबाखाली एक कॉम्प्रेसर, एक जॅक, दोन टॉमी आणि एक घण एवढ्यावर तो डिस्कवर चढतो. चढविणारे हात दोघांचे. त्यांतला एक बहुधा पोरगेलासा.

आता थोडे गणित करू. ट्रकचा टायर सुमारे 40 इंच उंच आणि त्याची डिस्क 20 इंचांची. म्हणजे टायरच्या एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे 940 चौरस इंच झाले. पंक्चरवाला 'शंभर पौंड हवा' म्हणतो ती प्रत्येक चौरस इंचावर शंभर पौंड. गुणाकार केला तर एका बाजूवर 42 टनांच्या घरात रेटा येतो. भरलेला मोठा ट्रक त्या हवेत दडून बसलेला आहे म्हणा ना! जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये या रेट्याचा मोठा वाटा एक लोखंडी रिंग अडवून धरते. ती गंजलेली, वाकलेली किंवा दुसऱ्याच डिस्कची असेल, तर ती तोफगोळ्यासारखी सुटते. समोर उभा असलेल्या माणसाला पळण्यास सवड मिळत नाही.

म्हणून काही गोष्टी मी सभांतून पुनःपुन्हा सांगतो. नट सैल करण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडावी. जोडचाक असेल तर दोन्ही चाकांची. रिंग घासून पुसून, तडा पाहून बसवावी. हवा असताना तिच्यावर घण कधीही मारू नये. कमी हवेवर दूरवर चाललेला टायर पुन्हा फुगवू नये, कारण आतील तारा तुटलेल्या असतात आणि भरताना बाजू चिरत जाते. टायर डिस्कवर असताना डिस्कला वेल्डिंग करू नये. हवा सोडलेली असली तरी आतील रबर तापून वायू पेटतो. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, व्हॉल्व्हला चिमट्याने अडकणारी लांब नळी वापरावी आणि आपण चाकाच्या तोंडापासून बाजूला उभे राहावे.

अलीकडे हौशी तरुण आपल्या जीपला मोठाले टायर घरच्या अंगणात बसवितात. हौसेला माझी हरकत नाही. पण टायरची कड डिस्कवर बसत नाही म्हणून आत पेट्रोल शिंपडून काडी लावण्याची जी फॅशन आली आहे, ती आत्मघाताची आहे. कडेला साबणाचे पाणी लावावे, टायरच्या पाठीवर पट्टा आवळावा, कड बसते. शिवाय गाडीच्या मूळ मापाहून टायर मोठा झाला की वेगाचा काटा खरा वेग दाखवीत नाही, ब्रेकवर ताण वाढतो, आणि गाडीत मनमानी बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचाही विरोध आहे.

तोल साधण्याचेही तसेच. चाकाच्या कडेला 100 ग्रॅम वजन जास्त राहिले, तर ताशी 80 किलोमीटर वेगाला सुमारे दहा किलोचा धक्का सेकंदाला सात वेळा बसतो. त्याने बेअरिंग जाते, स्टिअरिंग थरथरते. वेग निम्मा केला तर धक्का चौथाईवर येतो. म्हणून खाणीतल्या संथ डंपरला जे चालते ते हमरस्त्यावरच्या गाडीला चालत नाही. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती हलकी बाजू. ती व्हॉल्व्हजवळ आणावी. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाची जड बाजू आपोआप खाली येते. तिच्या समोरच्या बाजूस शिसे लावावे. हे ज्ञान लिंबाखालच्या उस्तादाला हाताने कळलेले असते. त्याला आपण अडाणी म्हणतो, हा आपला अडाणीपणा आहे.

मग या उस्तादाचे रक्षण कोण करतो? 1948 च्या कारखाना कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी 10 कामगार असले म्हणजे ती जागा कारखाना ठरे. 2020 च्या संहितेने तो आकडा 20 केला. दोघांचे दुकान दोन्हींच्या बाहेर. अमेरिकेने अशा रिंगच्या चाकांसाठी 1980 मध्ये स्वतंत्र नियम केला आणि 1984 मध्ये तो एकसंध डिस्कलाही लावला. पिंजरा, लांब नळी आणि शिक्षण ही मालकाची जबाबदारी ठरविली. रिंग माणसे मोजून सुटत नाही, मग नियमाने माणसे का मोजावीत?

नियम आभाळातून पडत नाहीत. 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. कोणी ती दान दिली नव्हती. माझी मागणी लहानशी आहे. वाळूजचे कारखानदार, वाहतूकदार आणि आम्ही संघटनावाले यांनी मिळून नगर रस्त्यावर नीट आराखड्याने बनविलेले सामाईक पिंजरे उभे करावेत, आणि दर वर्षी या कारागिरांचे एक दिवसाचे शिबिर भरवावे. नव्या टायरच्या किमतीपुढे हा खर्च मोठा नाही.

आणि आपणा श्रोत्यांकडे एक मागणे आहे. चाक बदलताना 'अरे, लवकर आटप' असे म्हणू नका. रिंग तपासायला जी पाच मिनिटे लागतात, तीच या घाईत पहिल्यांदा कापली जातात. ती पाच मिनिटे आपण त्याला द्यावीत, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.